शून्य-सहा, एक-सहा

अहो, तुमची शोकसभा झाली. गर्दी बरी होती. तुमचा सामना बघायला एवढी माणसं जन्मात कधी आली नव्हती. मराठी मंडळाच्या हॉलमधल्या खुर्च्या कमी पडल्या, म्हणून शेवटी बायकांच्या भजनाच्या सतरंज्या काढून मागे अंथरल्या. मी पहिल्या रांगेत, शेजारी आपली मुक्ता, आणि समोर टेबलावर तुमचा फोटो. रॅकेट खांद्यावर, डोक्यावर केसांचं जंगल, आणि ओठांवर ते हसू, जे बघून मी ग्वाल्हेर सोडून भोपाळला आले आणि फसले. हार घातल्यावर तुम्ही आणखीच खूष दिसायला लागलात.

फोटोशेजारी मुक्ताने एक फ्लेक्स लावला होता. पुण्याहून येताना छापूनच आणला तिने. जगभरातल्या टेनिसपटूंच्या नोंदी ठेवणारी ती वेबसाइट आहे ना, तिच्यावरचं तुमचं पान मोठं करून घेतलं होतं. तुम्हाला त्या पानाचं केवढं कौतुक. दूधवाल्यालासुद्धा मोबाइलवर उघडून दाखवायचात. मला मात्र ते बघून दर वेळी हसू यायचं. फोटोच्या जागी बिनचेहऱ्याची करडी बाहुली. उंची, माहीत नाही. वजन, माहीत नाही. कोणत्या हाताने खेळतो, तेही माहीत नाही. सर्वोत्तम क्रमांक असा, की सांगताना मधे एक श्वास घ्यावा लागेल. त्याखाली जिंकलेले सामने, ते एका हाताच्या बोटांवर मावतात. समोर हरलेले, ते मोजायला शेजाऱ्यांचे हात मागून आणावे लागतील. सगळी जवानी जाळून माणसाने कमावलं काय, तर हा एवढा तक्ता. मुक्ताने फ्लेक्स करताना हरलेल्या सामन्यांचा रकानाच उडवून टाकला होता. मी विचारलं, हा कुठे गेला? तर म्हणाली, "आई, प्लीज. आज नको."

आज नको, असं ती का म्हणाली ते तुम्हाला ठाऊक आहे. अख्ख्या नेहरू नगरला ठाऊक आहे.

आपल्या घराची ती रीतच होऊन बसली होती. गणपतीत, कोणाच्या केळवणात, मुक्ताच्या वाढदिवसाला, कुठेही चार माणसं जमली आणि पोटं भरली की कोणीतरी तुम्हाला डिवचायचं, "सुहासराव, होऊन जाऊ दे कलकत्ता." मग तुम्ही पाणी पिऊन, मांडी बदलून सुरुवात करायचात. तो परदेशी पोरगा, ज्याला तेव्हा काळं कुत्रं ओळखत नव्हतं आणि जो पुढे टीव्हीवर चषक उचलताना दिसायला लागला, त्याच्याशी तुम्ही कलकत्त्याला पहिल्या फेरीत खेळलात. पहिला सेट सहा-सहा करून टायब्रेकपर्यंत नेलात. दुसऱ्यात चार गेम घेतलेत. ती तुमची डावखुरी सर्व्हिस, गवतावरून घसरत जाणारा चेंडू, आणि थक्क होऊन बघणारा तो पोरगा. सांगायचात छान, नाही म्हणत नाही. लोक चमचे खाली ठेवून ऐकायचे. आणि गोष्ट संपली की सगळ्या माना माझ्याकडे वळायच्या. मी ताटं उचलत असेन, विडे लावत असेन, काहीही करत असेन. मान वर न करता म्हणायचे, "शून्य-सहा, एक-सहा." की हशा. तुम्ही हात जोडायचात, "सरकार म्हणतील ते खरं," की पुन्हा हशा. लोकांना वाटायचं काय जोडी आहे, गणिताची मास्तरीण आणि तिचा गप्पिष्ट नवरा. नवीन पाहुण्याला आधीच सांगून ठेवायचे, थांब, उठू नकोस, वहिनींचा आकडा बाकी आहे.

तर सभेत मंडळाचे गोडबोले बोलायला उठले. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही खोटं नाही. तुम्ही निदान पहिला सेट टायब्रेकमध्ये हरायचात, गोडबोल्यांनी तो तुम्हाला जिंकूनच दिला. दुसऱ्यातही म्हणे तुम्ही पुढे होतात, पण पायात गोळे आले. तो परदेशी पोरगा नंतर जाळ्याशी येऊन तुमच्या पाया पडला असंही म्हणाले असते, पण तेवढ्यात त्यांचं पाणी संपलं. ते ग्लास शोधायला थांबले. हॉल थांबला. आणि अहो, सवय बघा माणसांची. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आपण काय करतोय हे त्यांना कळलं नाही, मलाही कळलं नाही. तोंडातून निघून गेलं, "शून्य-सहा, एक-सहा."

कोणी हसलं नाही. मागे सतरंजीवर एकजण हसायला लागला आणि त्याने त्याचं खोकल्यात रूपांतर केलं. गोडबोल्यांनी कागद घडी करून खिशात घातला. मुक्ताने माझ्या हातावरचा हात काढून घेतला. त्यानंतर सगळे लवकर लवकर उठून दोन मिनिटं शांत उभे राहिले आणि चहा न घेताच पांगले.

घरी येताना गाडीत मुक्ता एवढंच म्हणाली, "बाबा गेले, आई. आता तरी त्यांना जिंकू द्यायचं होतंस." आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं, मलाही चढवता आला असता. घरी आल्यावर तिने माझी भरायला घेतलेली बॅग तशीच पलंगाखाली सरकवली. तुमच्यामागे मी एकटी राहू नये म्हणून ती मला पुण्याला न्यायला आली होती. ते बारगळलं. म्हणाली, "मी परवा जाते. तुला इथेच करमेल. लहानपणापासून बघतेय, बाबा सगळ्यांसमोर तोंडावर पडले की तुला बरं वाटतं." एकुलती एक मुलगी, आणि हे ऐकून मी तिला काही सांगू शकले नाही. सांगायचं तर तुमचा आणि माझा तो एक दिवस सांगावा लागला असता. तो आपण दोघांनी कोणाला दाखवला नव्हता. एकमेकांनासुद्धा नाही.

तुम्हाला आठवतो ना तो दिवस? की टायब्रेक सांगता सांगता तोही बदलून टाकलात?

आठवा महिना होता. तुम्ही कलकत्त्याला निघालात तेव्हा मी म्हटलं होतं, यंदा नाही गेलात तर काय होईल. तुम्ही म्हणालात, तिथे एक फेरी जिंकलो की क्रमांक सुधारेल, मग बघ. चार दिवसांनी टी. टी. नगरच्या नर्सिंग होममध्ये पहाटे बाळ झालं. रडलं नाही. सकाळी मामंजींनी तुमच्या हॉटेलवर ट्रंक कॉल लावला. बाळ गेलं, शैला बरी आहे, असं त्यांनी तुम्हाला सांगितलं. तुम्ही "येतो" म्हणालात. सासूबाई माझ्या उशाशी येऊन म्हणाल्या, निघालाय तो. मी दिवसभर दाराकडे बघत पडले होते. कलकत्त्याहून येणारा माणूस त्याच दिवशी येऊ शकत नाही, एवढं गणित मलाही येत होतं. तरी बघत होते.

दुसऱ्या दिवशी माझ्या भावाने डबा आणला. डबा हिंदी पेपरात गुंडाळलेला होता, आदल्या दिवशीचा नाही, त्याच दिवशीचा. घाईत हाताला लागला तो घेतला बिचाऱ्याने. शेवटून दुसऱ्या पानावर, बाजारभावांच्या शेजारी, मुंगीएवढ्या अक्षरांत कलकत्त्याचे निकाल होते. तुमचं नाव होतं. त्यापुढे शून्य-सहा, एक-सहा. मी ते वाचलं तेव्हा अंगावर दूध उतरत होतं आणि ते प्यायला कोणी नव्हतं. वाचून पहिला विचार काय आला सांगू? बाळ गेल्याचा निरोप मिळाल्यावर हा माणूस बूट बांधून खेळायला गेला, आणि हरला. धड जिंकलाही नाही.

तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात. खांद्यावर रॅकेटची बॅग. ती तुम्ही खाली ठेवलीच नाहीत. मामंजींनी तोवर बाळाला नेऊन पुरलं होतं. तुम्ही खाटेशी उभे राहिलात आणि म्हणालात, "मॅच होती." दोन शब्द. त्यातला एक इंग्रजी. मी भिंतीकडे तोंड केलं. पुढच्या सगळ्या आयुष्यात त्या दिवसाबद्दल तुम्ही माझ्याशी तिसरा शब्द बोलला नाहीत. मीही विचारलं नाही. मला वाटायचं, बोलायची पाळी तुमची आहे.

मग काही वर्षांनी तो पोरगा मोठा झाला. तुमच्या ऑफिसातले लोक आपल्याकडे टीव्हीवर त्याचा सामना बघायला आले. तुम्हाला तेव्हा खेळाडू म्हणून सरकारी नोकरी लागली होती, आणि आपला नवीन रंगीत टीव्ही होता. एकजण म्हणाला, साहेब, तुम्ही ह्याच्याशी खेळलात ना? काय झालं होतं? तुम्ही पडद्याकडे बघतच म्हणालात, "टायब्रेकपर्यंत नेलं होतं." मी चहाचा ट्रे घेऊन आत येत होते. अहो, तो दिवस तुम्ही विसरला असतात तर मी सोडून दिलं असतं. गप्प राहिला असतात तरी चाललं असतं. पण त्या दिवसाचा तुम्ही पराक्रम केलात. माझ्या बाळाच्या दिवसाचा. मी ट्रे ठेवला आणि म्हटलं, "शून्य-सहा, एक-सहा." लोक हसले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. त्या नजरेत काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही, आणि कळून घ्यायचंही नव्हतं. तिथून ही रीत सुरू झाली.

चांगलं काहीच नव्हतं असं नाही. ते नाकारलं तर जीभ झडेल. मुक्ताच्या वेळी तुम्ही सहाव्या महिन्यातच रॅकेटं माळ्यावर टाकलीत. कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्यापेक्षा वाईट खेळणारे अजून स्पर्धांना जात होते. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर तुम्ही असे बसून राहिलात, की शेवटी आयाबाई म्हणाल्या, भैया, घर जाके नहा तो आओ. मी आत ऐकत होते. मला गहिवरून आलं, हेही खरं. पण तुम्ही आत आलात तेव्हा तोंडातून निघालं काय, तर "आज कुठे मॅच नाही वाटतं?" तुम्ही मुक्ताला उचललंत आणि खिडकीशी नेऊन बराच वेळ माझ्याकडे पाठ करून उभे राहिलात.

मला स्कूटर तुम्ही शिकवलीत. माझ्या शाळेत पेपरतपासणी असली की गुणांची बेरीज करून द्यायचात. रविवारी पोहे-जिलबी आणायला तुम्हीच जायचात आणि जिलबी गार होऊ नये म्हणून पिशवी शर्टाच्या आत धरून आणायचात, ते डाग मी आयुष्यभर घासले. नोकरीतून निवृत्त झाल्यावर झोपडपट्टीतल्या पोरांना टेनिस शिकवायला लागलात, त्यांना बूट स्वतः घेऊन दिलेत. त्या पोरांत एकाला सर्व्हिस धड करता आली तर घरी येऊन नाचायचात. माझ्या कडू जिभेला तुम्ही कधी उलट उत्तर दिलं नाहीत. बायका म्हणायच्या, शैलाताई, देवमाणूस आहे हो तुमचा. मी म्हणायचे, देवासारखाच आहे, वेळेला नसतो.

गेल्या महिन्यात त्याच पोरांना शिकवताना कोर्टवर पडलात. सकाळी जाताना आपलं दुधीवरून वाजलं होतं. तुम्ही म्हणालात, रोज दुधी, मी काय आजारी आहे का. मी म्हटलं, आजारी नाही, म्हातारे आहात, गप खा. पोरांनी तुम्हाला रिक्षात घालून नेलं. मी पोचले तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन चष्मा पुसत होते. म्हणजे या वेळीही वेळेला कोणीतरी एकटंच. या वेळी तुम्ही.

आता ऐका. सभेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी रफीकभाई आले. तुमचे दुहेरीचे जोडीदार. पंचवीस-तीस वर्षं मस्कतला मुलांना टेनिस शिकवत होते, गेल्या वर्षी परतले, तेव्हा तुम्ही त्यांना भेटायला जुन्या भोपाळला जाऊन आला होतात. आपल्याकडच्या बैठकीत ते कधी नव्हते. तुमचा टायब्रेक ते ऐकून होते, पण आपली ती रीत त्यांना माहीतच नव्हती. सभेत मागच्या रांगेत बसले होते आणि माझा आकडा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. गुडघे दुखत होते, सोफ्यावर बसायलाही त्यांना वेळ लागला. मुक्ता आत चहा टाकायला गेली. सकाळपासून ती माझ्याशी बोलत नव्हती.

रफीकभाई म्हणाले, "भाभी, कल आपने जो बोला, वो सही है. मैं वहीं था. लेकिन आपको पता है वो स्कोर हुआ कैसे?"

मी म्हटलं, "खेलने गये थे, हार गये. और कैसे."

"नहीं." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बेटे के गुज़रने का फोन मेरे सामने आया था. इसने बस अच्छा, अच्छा बोला और रख दिया. गाड़ी शाम की थी. मैंने ही कहा, कमरे में बैठ के पागल हो जाएगा, चल, खेल ले, वक़्त कट जाएगा. ये मेरा किया है, भाभी, इसका नहीं."

मग त्यांनी सांगितलं. तुम्ही कोर्टवर गेलात. सर्व्हिससाठी चेंडू वर उडवायचात आणि मारायच्याऐवजी हातात झेलायचात. पुन्हा उडवायचात, पुन्हा झेलायचात. पंचांनी तंबी दिली. मग तुम्ही चेंडू वर उडवलाच नाहीत, लहान मुलं करतात तशी खालून सर्व्हिस करायला लागलात. त्या परदेशी पोराला वाटलं तुम्ही त्याची टिंगल करताय. तो चिडला. पहिला सेट संपल्यावर रफीकभाईंनी कुंपणाजवळ जाऊन त्याला खरं काय ते सांगितलं. दुसऱ्या सेटमध्ये त्या पोराने एका गेमला सगळे चेंडू मुद्दाम बाहेर मारले. तुम्ही त्याला हाताने नको नको म्हणत होतात. त्याने ऐकलं नाही. तो गेम तुम्हाला दिला आणि मग उरलेलं पटकन संपवलं.

"और टायब्रेक?" मी विचारलं.

"वो तो कुछ बताना पड़ता है ना, भाभी. शून्य-छह बोलता, तो लोग पूछते उस दिन हुआ क्या था. फिर क्या बोलता वो?"

झाकली मूठ होती तर तुमची. आणि मी ती दर गणपतीला पाहुण्यांसमोर उघडत होते. मी लोकांना तुमचा पराभव सांगत होते असं मला वाटत होतं, आणि तुम्ही त्या आकड्यात दुसरंच काही ऐकत होतात. ऐकून हात जोडत होतात.

रफीकभाईंना वाटलं असणार मी आता रडेन. त्यांनी रुमालसुद्धा काढून ठेवला होता. माझ्या डोक्यात आधी आलं ते असं, की तो एक गेमही तुमचा नाही. दयेचा आहे. म्हणजे खरा आकडा शून्य-सहा, शून्य-सहा. इतकी वर्षं मी चुकीचा सांगितला. मुलींना पाढे चुकले म्हणून बाकावर उभं करणारी मी.

मग मी त्यांना विचारलं, "वहाँ कोर्ट के पास टेलीफोन नहीं था?"

"था."

"होटल में?"

"वो भी था."

"गाड़ी शाम की थी. मान लिया. सुबह से शाम तक एक फोन?"

रफीकभाईंनी टोपीची शिवण बोटाने दाबली. मग म्हणाले, "हिम्मत नहीं हुई उसकी, भाभी."

"हिम्मत मुझमें भी नहीं थी, रफीकभाई. पर मुझे पलंग से उठके खेलने जाने की छूट नहीं थी."

ते गुडघे धरून उठले. चांगला माणूस. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. मी त्यांना दारापर्यंत सोडलं, रिक्षात बसवलं, रिक्षावाल्याला हळू ने म्हणून सांगितलं.

तेव्हा आता मी तुम्हाला स्वच्छ सांगते. माफ वगैरे मी केलेलं नाही. कोर्टवर तुमचे हात चालेनात, हे कळल्यावर मला रात्री जेवण गेलं नाही, तुमच्या त्या चिडक्या परदेशी पोराला मी मनातल्या मनात दुवासुद्धा दिली. सगळं झालं. पण तुम्ही मोडून पडलात कलकत्त्याला, परक्या माणसांसमोर, रेफरी आणि चेंडू उचलणाऱ्या पोरांसमोर, आणि माझ्यासमोर आलात तेव्हा डोळे कोरडे आणि खांद्यावर बॅग. हरायचंच होतं तर इथे येऊन हरायचं होतं. खाटेच्या कडेला बसायचं होतं. मी तुम्हाला एकही आकडा कधी ऐकवला नसता. "मॅच होती" म्हणे. मॅच कुठे होती? ती मॅच नव्हतीच, हे मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. ते रफीकभाईंच्या तोंडून ऐकलं, तेही तुम्ही गेल्यावर. रागवायला तरी माणूस समोर हवा की नको?

रिक्षा गेल्यावर मी आत आले तर मुक्ता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात चहाचा ट्रे, कप तसेच भरलेले, वर साय धरलेली. सगळं ऐकलं होतं तिने. तिला हिंदी माझ्यापेक्षा चांगलं कळतं, भोपाळची पोर आहे. ट्रे तिने ओट्यावर ठेवला आणि माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसली. मला वाटलं, आता म्हणेल, बघ, बाबांवर किती अन्याय केलास. मी त्याची तयारीही केली होती.

ती म्हणाली, "कसा होता गं?"

"कोण?"

"माझा भाऊ."

अहो, हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. सासूबाईंनी नाही, माझ्या आईने नाही. सगळे म्हणाले, विसर, पुढे बघ, दुसरं होईल. तुम्ही तर आजूबाजूचंही काही विचारलं नाहीत. मामंजींनी बाळाला कुठे नेलं, हेसुद्धा नाही. पण मी बघितलं होतं त्याला. दाखवत नव्हते, मी भांडून बघितलं. केरळची एक नर्स होती, तिने कोणाला न सांगता कपड्यात गुंडाळून माझ्या हातात दिला.

मी मुक्ताला सांगितलं. केस एवढे होते की कपाळावर आले होते, आणि ते ओले होते. डावा कान दुमडलेला होता, मी तो बोटाने सरळ केला तर पुन्हा दुमडला. नखं वाढलेली होती. भुवया नव्हत्याच म्हणा. हनुवटीला मधोमध खळी होती, थेट तुमची. वजनाला हलका नव्हता, हात भरून आला माझा. ओठ जरा उघडे होते, झोपेत तुमचे असतात तसे. मुक्ता एकेक विचारत गेली आणि मी सांगत गेले, बोटं कशी होती, रंग कोणावर गेला होता, मी त्याला नाव ठेवलं होतं का. ठेवलं होतं. तेही सांगितलं.

हे सगळं मी तुमच्यासाठी राखून ठेवलं होतं. त्या दिवशी ती बॅग खाली ठेवून एकदा विचारलं असतंत, तर लगेच दिलं असतं. पुढे कधीही, गेल्या महिन्यात दुधीवरून भांडताना विचारलं असतंत, तरी दिलं असतं. आता ते मुक्ताकडे गेलं. नाव मी तुम्हाला सांगणार नाही.